मोकळ्या जागा मीच काढल्या, भाऊ

मोरेश्वरभाऊ,

तुम्हाला मारायला त्यांनी सलाइनचा लोखंडी स्टँड घेतला होता. वहिनींना कुणीतरी काठी म्हणून सांगितलं होतं. काल मी त्यांना खरं काय ते सांगितलं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. तुम्ही पायरीवर बसल्यासारखे खाली गेलात आणि मग आडवे झालात. त्यानंतर मारणाऱ्यांनी हातातला स्टँड टाकला आणि लाथा सुरू केल्या. हे मी सगळं पाहिलं. काचेच्या खिडकीतून, टेबलाच्या कडेवरून, डोळ्यांपुरतं डोकं वर काढून.

तुम्ही अकरा दिवस नागपूरला श्वासाच्या मशीनवर होतात. मी तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा खोलीबाहेर वहिनी बसलेल्या होत्या, म्हणून बोलता आलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. त्या नसत्या तरी बोलले नसते. आता तुम्ही ऐकू शकत नाही, म्हणूनच बहुतेक हे लिहायचं धाडस होतंय. तरी सगळं क्रमानं लिहिते. तुम्हाला क्रम लागायचा.

ऊर्जानगरहून मी आले तेव्हा दवाखान्याच्या नोंदणीखिडकीमागे तुम्ही बसला होतात. की-बोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून गेलेली. मी माझं नाव सांगितलं, नवा प्रोग्राम लिहायला दवाखान्याच्या ट्रस्टनं पाठवलंय म्हणून सांगितलं. तुम्ही वरही न बघता विचारलंत, "इंग्रजीत बोलते का मराठीत?"

"मराठीत."

"मंग बस."

माझे वडील वीजकेंद्रात ऑपरेटर, मी क्वार्टरमध्ये वाढलेली, इंजिनिअरिंग केलेली. तुमचे वडील सावली गावाकडच्या एका तलावात मासे धरायचे. तुम्ही चंद्रपूरच्या एका क्लासात चार महिने फॉक्सप्रो ही कॉम्प्युटरची भाषा शिकलात आणि एका झेरॉक्स पुस्तकाच्या जोरावर एकट्यानं रक्तदात्यांचा प्रोग्राम लिहिलात. नाव, गाव, फोन, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं. त्याआधी म्हणे कुणाला रक्त लागलं की तुम्ही रजिस्टर चाळायचात आणि पलीकडच्या खोलीत बाई रक्तात पडलेली असायची. तुम्ही हे सांगताना तुमचा आवाज चढायचा, जणू रजिस्टरशीच भांडण होतं.

तुमचा प्रोग्राम अठरा वर्षं चालला. कॉम्प्युटरच मरायला टेकला म्हणून मी आले. तुमच्या कोडच्या हजारो ओळी मी पायथन या माझ्या नव्या भाषेत आणायच्या होत्या. मी सुचवलं की आधी तुमच्या भाषेतली तयार फंक्शन्स मी माझ्या भाषेत बनवते, त्याच नावांची. शब्दात अक्षर शोधणारं, तारीख मोजणारं, आकडा काढून देणारं, मोकळ्या जागा छाटणारं. ती एकदा बनली की तुमच्या ओळी फार न बदलता इकडे येतील आणि तुम्हालाही वाचता येतील. मग म्हणालात, "म्हंजे मले बी समजन?"

"तुम्हाला आधी समजेल."

त्या दिवशी तुम्ही मला डब्यातली मासोळी दिलीत. मला ती काटे काढून खाता येत नव्हती म्हणून माझ्यावर हसलातही.

पहिलं फंक्शन आठवतं? शब्दात अक्षर कुठे आहे ते सांगणारं. तुमच्या भाषेत मोजणी एकपासून आणि अक्षर नसलंच तर उत्तर शून्य. माझ्या भाषेत मोजणी शून्यापासून आणि नसलं तर उणे एक. तुम्ही खवळलात. "शून्य म्हंजे नाई. जे नाई त्याले पयला नंबर कायले देते तुही भाषा?" मी म्हटलं, भाऊ, माझ्या उत्तरात फक्त एक मिळवायचा. शून्याचा एक होतो, उणे एकाचा शून्य होतो. दोन्ही बाजू जुळतात. तुम्ही कागदावर करून बघितलंत. मग उठलात, दार उघडून लॅबच्या मुलाला ओरडून सांगितलंत, "एक मिळवला का झालं, लेका!" त्याला काहीच कळलं नाही. मला मात्र तेव्हा वाटलं होतं, आयुष्यभर याच माणसाबरोबर काम करावं.

दुपारनंतर तुम्ही मला गाडीवर बसवून दात्यांच्या गावांना न्यायचात. सागवान आणि बांबूतून, धानाच्या बांध्यांवरून. "यादीतल्या हरेक नावाचं तोंड पाह्यलं पाह्यजे," म्हणायचात. तुम्हाला शेकडो माणसांचे रक्तगट तोंडपाठ होते. कुणाचं लग्न झालं, कोण कामाला हैदराबादला गेलं, कोण दारूला लागला म्हणून आता बोलवायचं नाही, सगळं. वाटेत एकदा एका माणसानं तुमची गाडी अडवली. तुम्ही त्याच्या बहिणीला वेळेत रक्त मिळवून दिलं होतं. त्यानं तुमच्या पायाला हात लावला, तर तुम्ही त्याचा हात झटकून दिलात. "पुढच्या बारी तू ये द्याले," एवढंच म्हणालात आणि गाडी काढलीत.

आणि मग 'बरोबर'च्या चिन्हावरून आपलं भांडण झालं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून लिहिते. तुमच्या भाषेत दोन शब्द सारखे आहेत का ते बघताना उजवीकडचा शब्द जेवढ्या अक्षरांचा, तेवढीच अक्षरं ताडली जायची. 'रामटेक' हे 'राम'च्या बरोबर आहे का, असं विचारलं तर भाषा 'हो' म्हणायची. माझी भाषा 'नाही' म्हणते. मला हे चिन्ह माझ्या पद्धतीनं, कडक करायचं होतं. तुम्हाला जसंच्या तसं हवं होतं.

"अर्धं गाव लिहून अख्खं गाव सापडते, ते त्याच्याच भरोशावर सापडते. ते काऊन मोडून राह्यली तू?"

"मोडत नाहीये, सुधारते आहे."

"सुधराचं मंग पाहू. जे चालते ते आधी तसंच ने."

"आणि रक्तगट? तुमच्या हिशेबानं 'एबी' सुद्धा 'ए'च्या बरोबर होतो, भाऊ!"

"नाई होत. रकाना दोन अक्षराचा हाय, पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा येगळा. ए लिवला का मागं एक मोकळी जागा राह्यते. ते जागाच राखन करते."

तुमचं बरोबर होतं. 'ए' आणि मागची मोकळी जागा मिळून दोन अक्षरं होत, आणि 'एबी'शी ती जुळत नसत. मला ते तेव्हाही कळलं होतं. पण कळणं आणि हरणं एकदम झालं, म्हणून मी ओरडले. तुम्हीही ओरडलात. हातातला स्टीलचा ग्लास तुम्ही टेबलावर इतक्या जोरात आपटलात की पाणी की-बोर्डभर झालं. तेव्हा मी ते वाक्य बोलले. "एक दिवस तुमच्या ह्या 'बरोबर'मुळे कुणीतरी मरेल."

तुम्ही पांढरे पडलात. टॉवेलनं की-बोर्ड पुसत राहिलात. नंतर मी तुमच्या मनासारखं फंक्शन लिहून दिलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही नसताना मी एक ओळ घातली. माहिती वाचतानाच प्रत्येक रकान्याच्या, शोधायच्या शब्दाच्याही, शेवटच्या मोकळ्या जागा छाटून टाकणारी. छापील यादीत नावांपुढे भोकं दिसायची, ती मला नको होती. कारण एवढंच. पण ती ओळ मी रागात लिहिली. तुमच्या प्रोग्राममध्ये माझं काहीतरी एक असावं, तुम्हाला न विचारता केलेलं. रक्तगटाचा रकाना डोळ्यांसमोर होता, तुमचं वाक्य कानात होतं, तरी ते दोन मी जोडले नाहीत. तपासणी 'ओ' आणि 'बी'वर केली, आपल्याकडे तेच जास्त म्हणून. दोन्ही याद्या नेमक्या आल्या. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत.

दोन महिने काही झालं नाही. यादीवर गट फक्त मथळ्यात छापला जायचा, नावांपुढे नाही. आणि 'ए'च्या यादीत चुकून एखादा 'एबी' आलाच तर तो तुम्ही नुसत्या नावावरून ओळखला असता. त्या मंगळवारी तुम्ही सकाळीच शिबिराला गेला होतात.

संगीता नावाची बाई बाळंत झाली होती. मुलगी झाली. रक्त थांबेना. गट ए निगेटिव्ह. ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती, ती लावली. मी यादी काढली. दोन नावं आली. पहिले जवळच्या गावातले शिक्षक. मी फोन केला, ते भरला वर्ग सोडून निघाले. पहिला हो म्हणाला म्हणून दुसऱ्याला मी फोन केला नाही.

लॅबच्या मुलानं शिक्षकांच्या रक्ताचा थेंब तपासला आणि बाहेर येऊन ओरडला, "हा ए नाई! एबी हाय! कोनं बोलावलं याले? यादीच चुकली हाय!" व्हरांड्यात संगीताचा नवरा दिलीप उभा होता, त्याचे दोन भाऊ होते, गावची माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. दुसरा दाता ऊर्जानगरचा, दीड तासाच्या वाटेवर. मी त्याला फोन लावत होते तेव्हा तुम्ही शिबिरावरून परत आलात.

तुम्ही स्टुलावर बसलात. यादी बघितलीत, मग पडद्यावर दोन्ही नोंदी. मग अगदी हळू विचारलंत, "पोरी, तू स्पेस काढल्या का?"

मी म्हणाले, "नाही, भाऊ."

खिडकीच्या काचेला बाहेरून माणसं चिकटलेली होती. त्यांची तोंडं मला दिसत होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. हे खरं होतं, एवढंच.

तुम्ही ती ओळ शोधू शकला असता. मी कुठे काय लिहिते ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही शोधली नाहीत. माझ्या शब्दावर तुम्ही थांबलात. आणि म्हणालात, "मंग माहीच चूक. तू म्हनत होती तवा आयकाले पाह्यजे होतं."

तुम्ही माझी माफी मागितलीत, भाऊ. माझ्या चुकीसाठी, माझ्याकडे. आणि मी मान खाली घालून ती घेतली.

तीनच्या सुमारास वॉर्डातून बायकांचं रडणं आलं. मग पळणारे पाय. कुणीतरी कुंडी फोडली. "कम्प्युटरवाला कोन हाय? यादी कोनाची होती?" तुम्ही उठलात. चष्मा काढून खिशात ठेवलात. मला म्हणालात, "तू इथीच राह्य." बाहेर गेलात, दार ओढून घेतलंत आणि कडी लावल्याचा आवाज आला.

मला तुमची पाठ दिसत होती. तुम्ही म्हणालात, "यादी माही हाय. प्रोग्राम माहा हाय. चूक माही हाय."

कॉलरला धरून त्यांनी तुम्हाला पायरीवरून खाली ओढलं. मग तो स्टँड. तुम्ही हात वर केला नाहीत. एक दगड खिडकीतून आत आला, मॉनिटर फुटला, काचा माझ्या केसांत आल्या. मी टेबलाखाली होते. सगळे म्हणतात, तिचं दार बाहेरून बंद होतं, ती काय करणार. फोन आत होता, भाऊ. माझ्या हातात होता. मी पोलिसांना लावला नाही. ओरडले नाही. 'चूक माझी आहे' हे तीन शब्द त्या फुटक्या काचेतून बाहेर गेले असते. मी ते बोलले नाही. चौकीदारानं आणि लॅबच्या मुलानं तुम्हाला ओढून काढलं तेव्हा तुमचा एक डोळा दिसत नव्हता, तोंडातून फेस आणि रक्त येत होतं.

तुम्हाला रक्त लागलं. यादीला हात लावायला कुणी तयार नव्हतं. लॅबच्या मुलानं कपाटातून तुमचं जुनं रजिस्टर काढलं आणि जमिनीवर बसून पानं उलटत राहिला. अठरा वर्षांपूर्वीची नावं, निम्मी मेलेली. तुमचा गट बी. तुम्ही ज्यांना तोंडानं ओळखत होतात ती माणसं कळताच आपोआप आली. पाच जण आले, न बोलावता.

ऊर्जानगरचा माणूस पोचला तेव्हा संगीता जाऊन वीस मिनिटं झाली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, रक्त वेळेत मिळतं तरी ती वाचली असती असं छातीठोक सांगता येणार नाही. त्या वाक्याला धरून मी बरेच दिवस काढले.

तुम्ही मशीनवर असताना, नवव्या दिवशी, ट्रस्टच्या माणसांनी अहवाल लिहिला. जुन्या प्रोग्राममधला जुना दोष नव्यात तसाच आला, असं त्यात आहे. खाली माझी सही आहे. तुम्ही तेव्हा जिवंत होतात.

शनिवारी तुम्ही गेलात. दहाव्याला वैनगंगेवर मी मागे उभी होते. लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते, पण शेवटी आवाज खाली करून म्हणायचे, "मानूस सोन्याचा, पन एक चूक भारी पडली." तुमच्या मुलीनं ते ऐकलं. तिचा चेहरा मी पाहिला आणि मग मला घरी जाता आलं नाही. मी वहिनींच्या मागे मागे सावलीला तुमच्या घरी गेले.

कुसुमवहिनींना मी सगळं सांगितलं. मोकळी जागा, छाटणं, माझं 'नाही, भाऊ', फोन, सही. त्यांनी मध्ये एवढंच विचारलं, "म्हंजे त्याईनं काईच केलं नोतं?"

"काहीच नाही."

"अन् तुले मालूम होतं?"

"हो."

त्यांनी मला मारलं. उघड्या हातानं, तोंडावर, मग मुठीनं पाठीत, मग केस धरून भिंतीकडे ढकललं. ओठ फुटला. तुमची मुलगी धावत आली तर तिलाही ढकलून दिलं. बराच वेळ मारलं. मला लागत होतं आणि ते थांबू नये असंही वाटत होतं. मग त्या दमून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता हे इले सांग. आपल्या बापानं बाई मारली असं वाटते इले."

मी तुमच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "बाबाले माहीत झालं का मरायच्या आधी?" मी म्हणाले, नाही. हे तिला सांगणं मार खाण्यापेक्षा कठीण होतं.

"सकाळी त्या बाईच्या घरी जाचं," वहिनी म्हणाल्या. "मी बी येतो."

आज सकाळी आम्ही बसनं गेलो. धान कापणीला आलंय. दिलीप अंगणात होता, मांडीवर मुलगी. त्याचे दोन्ही भाऊ कोठडीत आहेत. त्यानं वहिनींना ओळखलं नाही. वहिनींनीच सांगितलं, "ज्याले मारलं त्याची बायको." तो उठून उभा राहिला, मुलीला छातीशी धरून, जसं काही वहिनी तिला हिसकावून घेणार होत्या.

मी बोलले. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मंग तुमी काऊन नाई आल्या बाहेर?"

"भ्याले."

त्याला राग येईल, तो अंगावर येईल, याची मी वाट बघत होते. तो खाली बसला. "मी बी भ्यालो," म्हणाला. "माहे भाऊ मारून राह्यले होते, मी दूर उभा होतो. तो मानूस माह्याकडं पाहत होता. एक शब्द बोललो असतो तर थांबले असते. माह्यंच आयकते ते. पोलिसाइले मी सांगितलं, मी वार्डात होतो."

मुलगी जागी झाली, त्यानं तिला थोपटलं. संगीताची सासू दारात येऊन उभी राहिली आणि वहिनींकडे बघून तोंडाला पदर लावून आत गेली.

वहिनी उठल्या. आम्हा दोघांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती, हे तुम्हाला खोटं सांगत नाही.

"उद्या दहाले ठान्यात या," त्या म्हणाल्या. "दोघंबी. जे मले सांगितलं तेच तिथं सांगा. लिवून घ्याले लावा."

दिलीपनं होकाराची मान हलवली. मीही हलवली.

भाऊ, तुमचे आभार मानायचे तर कशाचे मानू? शिकवलंत त्याचे, वाचवलंत त्याचे? वाचवलंत ते न मागता, आणि माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून. त्याचे आभार मानायची माझी लायकी नाही. तुम्हाला राग आला असता तर मला तुमच्याशी भांडता आलं असतं.

हे मी आज, परत आल्या आल्या लिहिते आहे. सही करून लॅबच्या मुलाकडे ठेवणार आहे आणि त्याला सांगणार आहे की उद्या दहापर्यंत मी ठाण्यात दिसले नाही तर हे त्यानं तिथे नेऊन द्यावं. कारण आत्ता मी ठाम आहे, भाऊ, पण मला मी माहीत आहे. सकाळ होईल आणि मी पुन्हा भिईन.